चाली ऱ्हायनं : लोणखेड्याला पाहिलेला एक सिनेमा

सायली या नव्या दिग्दर्शिकेचा सिनेमा मी पुण्यात लॅपटॉपवर पाहिला आणि शेवटाला रडलो. तीस वर्षं परीक्षणं लिहून सहसा असं होत नाही. शहाद्याजवळच्या लोणखेड्यात शिवणकाम करणाऱ्या सुमनताईंचा एक पाय ट्रॅक्टरखाली गेला, त्यानंतरच्या दोन वर्षांचा हा माहितीपट. शेवटी सुमनताई अहिराणीत काहीतरी पुटपुटतात, खाली अक्षरं येतात, ‘माझं चालणं राहिलं’, आणि मग पूर्ण एक मिनिट बंद शिलाई मशीन. सिनेमाचं नावही ‘राहिलं’. सायलीनं तो कर्जातून आणि मित्रांच्या मदतीतून केला होता. गावातच पहिला खेळ होणार होता, त्यानंतर ताईंची संमतीची सही घेऊन ती तो महोत्सवाला पाठवणार होती. संपादकांनी लेखासाठी सोमवारची मुदत दिली. मी निघालो.

पुण्याहून ट्रॅव्हल्सनं सकाळी नंदुरबारला उतरलो आणि ओळीनं सात शिंका आल्या. हिवाळ्यात जाणार असाल तर रुमाल वरच ठेवा. शहराबाहेर मैदानंच्या मैदानं लाल मिरची वाळत असते.

“पयलांदाच उनात का भाऊ?” रिक्षावाला हसला. “नाकले बांधा काहीतरी.”

मी विचारलं, “शहाद्याच्या बस आहेत ना?”

“गाड्या चाली ऱ्हायन्यात ना.”

राहिल्या म्हणजे रद्द, असं धरून मी खाजगी जीप केली. प्रकाशा गावाच्या पुलावर तापी बघत होतो, तेवढ्यात एक एसटी आम्हाला मागे टाकून गेली. थोड्या वेळानं दुसरी. दोन्ही निम्म्या रिकाम्या. मी चक्रावलो. तुम्ही सरळ एसटीनं जा. तासाभराचा रस्ता आहे.

शहाद्यात बसस्टँडजवळ आठशेला स्वच्छ खोली मिळाली. दुपारी शेवभाजी आणि कळण्याची भाकरी खाल्ली. तिखट सोसत नसेल तर आधी सांगा, मी सांगितलं नाही. लोणखेडा तिथून अगदी लागून.

खेळ कॉलेजच्या हॉलमध्ये. खिडक्यांना ताडपत्र्या लावून अंधार केला होता, तरी फटींतून ऊन पडद्यावर येत होतं. पहिल्या रांगेत सुमनताई, कुबडी मांडीवर आडवी. पन्नाशीच्या, खणखणीत आवाजाच्या. सिनेमा सुरू झाला, सगळे गप्प. शेवट आला, ताईंचं वाक्य आलं, अक्षरं आली.

आणि हॉल खदखदून हसला.

मी खिशातला रुमाल हातात घेतला होता, तो तसाच राहिला. सायली भिंतीला टेकून उभी. बंद मशीन दिसत होतं त्या मिनिटभरात हशा वाढतच गेला. कुणीतरी ओरडलं, “आक्का, दोरा भेटना का?”

दिवे लागल्यावर सायली ताईंजवळ बसली. “ताई, लोक का हसले?”

“तू काय लिखेल शे तठे? चालनं राहिलं? मी म्हननू, मन्हं चाली ऱ्हायनं. म्हंजे चालूच शे, बेटा. कोनी इचारं कसं काय, ते आम्ही आसंच म्हनतस.”

“पण मग ते बंद मशीन...”

“बॉबिनना दोरा सरना व्हता. मी शेजारनी खोलीमा लेवाले गयेल व्हतू.”

मला सकाळच्या दोन एसट्या आठवल्या.

“तुम्ही रडनात म्हने, भाऊ?” ताईंनी मला विचारलं. “दोरा सरना म्हनीसन?”

सायलीनं सहीचा कागद पुढे केला. सिनेमाचं नाव महोत्सवाला कळवून झालंय, शेवट बदलला तर कदाचित महोत्सव सिनेमा घेणारही नाही, हे ती अडखळत बोलली.

सुमनताईंनी कागद परत सरकवला. आता हसत नव्हत्या. “लगनसराई तोंडवर शे. हाई लोकेसनी दखं, ते म्हनतीन, हिनं सोडी दिधं. मंग माले ब्लाउज कोन शिवाले दी? ते काढ, मंग सही. नही ते नही.”

सायली लॅपटॉपची वायर गुंडाळत राहिली. मला दोघींचंही पटत होतं. परतताना ताईंनी घरी चहाला थांबवलं. एका पायानं मशीनचं पेडल मारत त्या बोलत होत्या. सुई क्षणभर थांबली नाही.

मी एसटीनं नंदुरबारला आणि तिथून पुण्याला आलो. रविवारी सायलीनं नवी प्रत पाठवली. नाव ‘चाली ऱ्हायनं’. मिनिटभराचं बंद मशीन गेलं, त्या जागी ताई दोरा ओवून पुन्हा शिवायला बसतात. सही मिळाली. महोत्सवाचं उत्तर अजून नाही.

नवी प्रत खरी आहे. मला रडू आलं नाही. मग मी मुद्दाम जुनी लावली, आणि दोरा संपलाय हे माहीत असूनही त्या बंद मशीनपाशी डोळे भरले. मी कुणासाठी रडत होतो? सुमनताईंसाठी तर नक्कीच नाही. त्या तेव्हा शेजारच्या खोलीत रीळ शोधत होत्या. चांगला सिनेमा कोणता, हे मला अजून ठरवता येत नाही.

सोमवारी संपादकांचा फोन. “लेख झाला का?”

तोंडातून निघून गेलं, “चाली ऱ्हायनं.”

“म्हणजे? राहिलं?”

“नाही, नाही,” मी घाईनं म्हणालो. “चालू आहे.”