हुरड्यावरचं ताक आणि अव्वांचं पातेलं

सोलापूरला हुरडा खायला जायचं ठरलं आणि शिरीषने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, गाडीच्या डिकीत पाण्याच्या बाटल्यांचा अख्खा खोका चढवला. मी विचारलं, शेतावर चाललोय की वाळवंटात? तो खोका नीट बसवत राहिला. त्याचे नियम ठरलेले आहेत. बाहेरचं पाणी नाही, बर्फ नाही, कोशिंबीर नाही, ताक तर नाहीच नाही. मी बरोबर उलटी. इतकी वर्षं गावोगाव फिरून जे समोर येईल ते खाल्लं, ब्लॉगवर लिहिलं, आणि पोट कधी बिघडलं नाही, ही माझी मोठी फुशारकी. ती या सहलीत पार उतरली. तरीही सांगते, अलीकडच्या सगळ्या सहलींत मला हीच सगळ्यात जास्त आवडली.

चिंचवडहून पहाटेच निघा, म्हणजे हडपसरची गर्दी लागत नाही. रस्ता उत्तम, टोल मात्र भरपूर. भिगवणला चहा घेतला, उजनीच्या पाण्यावरचे पक्षी गाडीतूनच पाहिले आणि टेंभुर्णी, मोहोळ करत दुपारी जेवायला सोलापुरात पोचलो. लॉज स्टेशनजवळचा, साधा आणि स्वच्छ. संध्याकाळी एका खानावळीत कडक भाकरी चुरून शेंगांच्या आमटीत भिजवून खाल्ली. वर शेंगांची चटणी. चटणी कोरडी असते म्हणून शिरीषच्या कायद्यात बसते, त्यामुळे त्यानेही ती चापून खाल्ली. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

शनिवारी सकाळी होटगीच्या बाजूला निघालो. तिथे महादेवी नावाच्या बाईंच्या शेतात यंदा पहिल्यांदाच हुरड्याची सहल सुरू झालीये, आणि पहिल्या पाहुण्यांत आम्ही. नवरा रेल्वेत, शेत त्या आणि त्यांच्या सासूबाई बघतात. सासूबाईंना सगळे अव्वा म्हणतात. माणशी पाचशे रुपयांत हुरडा, जेवण आणि बैलगाडीची एक फेरी. फोनवर नोंदणी करावी लागते, आयत्या वेळी गेलात तर कणसं शिल्लक नसतात.

गेल्या गेल्या आगटीजवळ बसवलं. खड्ड्यात गोवऱ्यांचा विस्तव, त्यात खुपसलेली ज्वारीची हिरवी कणसं. महादेवी गरम कणीस तळहातावर चोळायच्या, एक फुंकर मारून फोलकटं उडवायच्या आणि हिरवे दाणे ताटलीत ओतायच्या. माझ्या हाताला पहिल्याच कणसाचा चटका बसला, त्यांना काहीच वाटत नव्हतं. दाणे गोडसर, दुधाळ, बरोबर लसणाची चटणी, गूळ, बोरं, ओला हरभरा. आमच्याबरोबर पुण्याचं आणखी एक जोडपं होतं. कोणीच बोलत नव्हतं, नुसतं खात होतं. मग मला तहान लागली आणि मी शिरीषच्या बाटलीकडे हात नेला.

"अक्का, हुरड्यावर पाणी पिऊ नका," महादेवी म्हणाल्या. "पोट गच्च हुतंय. ताक घ्या की."

ही इकडची रीत. हुरडा जड, त्यावर पाणी प्यायलं की फुगतो, म्हणून ताकच प्यायचं. आंब्याच्या झाडाखाली एक मोठं पितळी पातेलं लखलखत होतं. त्यात कोथिंबीर, आलं, मिरची वाटून लावलेलं ताक. ते पातेलं अव्वांच्या लग्नातलं, माहेरहून रुखवतात आलेलं. पाहुणे शहरातले, त्यांना स्टील काय द्यायचं, म्हणून अव्वांनी ते माळ्यावरून काढायला लावलं होतं. मी त्याचे पाच-सहा फोटो काढले. अव्वा पंच्याहत्तरीच्या असतील, डोळ्यांना जाड चष्मा. त्या कानडीच जास्त बोलतात. प्रत्येक पेल्यामागे "तगो, तगो" म्हणजे घे, घे, असा आग्रह. मी तीन पेले प्यायले. ताकाला जरा वेगळीच तुरट चव होती, ती मी इकडच्या मातीची चव म्हणून डोळे मिटून एन्जॉय केली. माझ्यासारख्या लिहिणाऱ्यांचं हे असंच असतं.

जेवण होईपर्यंतच मळमळायला लागलं होतं. मी कोणाला सांगितलं नाही. परतताना अर्ध्या रस्त्यात उलटीसाठी गाडी थांबवावी लागली, आणि मग सोलापूरपर्यंत आणखी दोनदा. शिरीष पाठीवरून हात फिरवत होता आणि मी सांगितलं होतं तुला, हे वाक्य गिळत होता. त्याबद्दल मी त्याला पैकीच्या पैकी मार्क देते.

लॉजजवळच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी इंजेक्शन दिलं, मीठ-साखरेचं पाणी घोट घोट प्यायला सांगितलं. शिरीषने हुरडा, चटणी, वांगी अशी आरोपींची रांगच उभी केली. त्या म्हणाल्या, "काय काय खाल्लं ते राहू द्या. यांनी खाल्लं आणि तुम्ही नाही, असं काय आहे ते सांगा की."

आम्ही एकेक पदार्थ मोजत गेलो. हुरडा त्याने माझ्याहून जास्त खाल्ला होता. आदल्या रात्रीची चटणी, आजची वांगी, भाकरी, सगळं दोघांनी खाल्लं होतं. राहिलं फक्त ताक.

संध्याकाळी उन्हं उतरायच्या आत महादेवी लॉजवर हजर. पोचल्याचा फोन शिरीषने केला होता, त्यात उलट्यांचं कळलं असणार. बसने आल्या होत्या, डब्यात भाताची पेज घेऊन. समोर बसून त्यांनी मला ती चमच्याचमच्याने प्यायला लावली. पुण्याच्या जोडप्यालाही त्यांनी स्वतःहून फोन केला होता. त्यातल्या बाईंनाही उलट्या झाल्या होत्या, ताक न घेतलेला नवरा ठणठणीत होता. पेज ढवळत त्यांनी हे सगळं सांगितलं. मग म्हणाल्या, "उद्या हैदराबादचे तीस लोक यायचेत. मी नको म्हणून सांगते त्यांना. लोकाला आजारी पाडून पैसा नको आमाला."

माझं पोट दुखत होतंच, पण हे ऐकून जास्त दुखलं. पहिलंच वर्ष. उद्याचे तीस जण परत फिरले आणि बातमी पसरली, तर यंदाचा हंगाम तर गेलाच, पुढच्या वर्षीही कोणी फिरकणार नाही. आणि कारण न कळता त्यांना येऊ दिलं, तर उद्या तीस जण माझ्यासारखे. मला एकदम जाणवलं, हे आत्ता, याच खोलीत शोधून काढायला हवं.

मग मी विचारत गेले. ताक कुठलं? घरच्या म्हशीचं, काल संध्याकाळी घुसळलेलं. पाणी बोअरचं, सगळं गाव पितं. त्यांनी स्वतः ते प्यायलं का? "व्हय की. सकाळी घरी आमी सगळ्यांनी प्यालं. कुणाला काय न्हाय झालं." म्हणजे ताक तेच, पाणी तेच. फरक एवढाच, की घरच्यांनी माठातलं प्यायलं आणि आमच्यासाठी पहाटेच पातेल्यात ओतून शेतावर नेलं. पहाटेपासून दुपारपर्यंत आंबट ताक पितळेत. मला ती तुरट चव आठवली, आणि लहानपणी आई चिंचेची आमटी बिनकल्हईच्या पितळी पातेल्यात ठेवू द्यायची नाही, कळकेल, पितळ उतरेल त्यात, म्हणायची, तेही. मी विचारलं, "पातेल्याला कल्हई आहे ना?"

महादेवींचा हात चमच्यासकट थांबला. "हुती," त्या म्हणाल्या.

रविवारी सकाळी शिरीषने मला उशीला टेकवून गाडीत बसवलं आणि आम्ही पुन्हा होटगीला गेलो. पातेलं धुऊन उपडं घातलं होतं. महादेवींनी ते सरळ केलं. बाहेरून जेवढं पिवळंधमक तेवढंच आतून. कल्हई असती तर आत पांढरट दिसलं असतं. काठाच्या खाली, जिथे कापड पोचत नाही, तिथे हिरवट रेघ होती. आत चकाकी आली कशी, याचं उत्तर ओट्यावर बसलेल्या अव्वांनीच दिलं. जुनी कल्हई काळपट दिसते. अधू नजरेला तो मळ वाटला. पाहुणे येणार म्हणून त्यांनी चिंच आणि राख घेऊन दोन दिवस ते आतूनही घासलं होतं, पार सोन्यासारखं होईपर्यंत.

सुनेने सासूला एक शब्द सुनावला नाही, आणि ते बघून मला भरून आलं. अव्वा पातेल्यात वाकून बघत होत्या. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "मीच घासलं की. पाहुण्याला चांगलं दिसावं म्हणून." आवाज अगदी बारीक झाला होता. मी त्यांचा हात धरला. तो आंबट वासाचा, खरखरीत हात मला सोडवेना.

ताक पुन्हा घुसळलं गेलं, या वेळी दोन माठांत गेलं. हैदराबादची मंडळी आली. मूळची सोलापूरच्या विणकर घरातली, तिकडे स्थायिक झालेली, आपसात तेलुगू आणि आमच्याशी मराठी. खरं तर आता गप्प राहिलं तरी चाललं असतं. महादेवींनी मात्र सगळ्यांना आगटीभोवती बसवलं आणि कणीस हातात घेण्याआधी सांगून टाकलं, की काल पितळेतल्या ताकाने दोन पाहुण्या आजारी पडल्या, त्यातली एक ही बसलीये, आज ताक माठातलं आहे, ज्याला नको वाटेल त्याचे पैसे परत.

तीसही चेहरे माझ्याकडे. महादेवींनी पहिला पेला भरला आणि स्वतः प्यायला. डॉक्टरबाईंनी ताकाला बंदी घातलेली नव्हती, असं मनाशी ठरवून मी दुसरा हातात घेतला, आणि तो शिरीषने काढून घेतला. मला वाटलं, ओतून देणार. त्याने तो उभ्या उभ्या एका दमात प्यायला, तोंड पुसलं आणि म्हणाला, "छान आहे. मीठ बरोबर." बाहेरचं ताक. शिरीष. माझ्या आयुष्यातला हा ऐतिहासिक प्रसंग मी थक्क होऊन बघत राहिले. मंडळींतल्या एका आजोबांनी हसत पेला पुढे केला आणि मग सगळ्यांनीच केला. दोन्ही माठ संपले. बैलगाडीच्या फेऱ्या झाल्या, जेवणं झाली, उन्हं कलली तरी कोणाच्या पोटाने तक्रार केली नाही.

सोमवारी निघायच्या आधी आम्ही महादेवींना आणि अव्वांना घेऊन सोलापुरातल्या जुन्या पेठेत कल्हईवाल्याकडे गेलो. असे कारागीर आता थोडेच उरलेत, पण अजून आहेत. तुमच्याकडे जुनं पितळ असेल तर घेऊन जा. त्याने पातेलं भट्टीवर तापवलं, नवसागर टाकला, पांढरा धूर उठला, कथिलाची कांडी टेकवली आणि कापसाच्या बोळ्याने ते फिरवत नेलं. बघता बघता आतलं पिवळं सगळं पांढरंशुभ्र झालं. अव्वा स्टुलावर बसून चष्मा पुसत बघत होत्या. भांडं गार झाल्यावर त्यांनी आतून बोटं फिरवली आणि ते मांडीवर घेतलं. परतीच्या वाटेवरही ते मांडीवरच होतं. त्यात ताक ठेवायचं नाही, भात शिजवायचा, असं त्यांनी स्वतःच जाहीर केलं.

घरी येऊन आठवडा झाला. शिरीष स्वयंपाकघरातली प्रत्येक पितळी वस्तू उजेडात धरून आतून तपासतो. हॉलमधली फुलं ठेवायची कळशीसुद्धा सुटली नाही. पुढच्या जानेवारीची नोंदणी त्यानेच केली, आणि बाटल्यांचा खोका नेणार का विचारलं तर बघू म्हणाला. मला मात्र हा लेख लिहवेना. पातेल्याचा फोटो पहिल्या दिवशी किती कौतुकाने काढला होता. आता तो टाकायचा, तर अव्वांची चूक जगजाहीर करायची. पाहुण्याला चांगलं दिसावं म्हणून दोन दिवस घासणाऱ्या बाईला असं उघडं पाडायचं?

शेवटी महादेवींना फोन केला. म्हटलं, घासल्याचं गाळू का? त्या म्हणाल्या, इकडे आता गावोगाव हुरडा सुरू झालाय, सगळे पाहुण्यांसाठी पितळ काढतात, सांगायला पायजे. पण अव्वांनाच विचारते. फोनवर थोडी कानडी कुजबुज झाली आणि मग अव्वांचा आवाज आला.

"लिही की. माझं नाव पण लिही. पण पातेलं चांगलं हाय, हे आदी लिही."

आधी लिहायचं राहून गेलं, अव्वा. म्हणून शेवटी लिहिते. पातेलं चांगलं आहे.