खालून लागलेला जोर

अकरावीच्या पोट्ट्यांना मी दरवर्षी हे गणित घालते. दोरानं ओझं सरळ वर ओढलं, वेग जराही बदलला नाही, तर त्याच्यावर झालेलं एकूण काम किती? मागच्या बाकावरून आवाज येतो, "मॅडम, घाम फुटते ना, मंग लय काम झालं!" मी फळ्यावर दाखवते: वरचा जोर आणि वजन बरोबरीचे. आपण जेवढं काम घालतो तेवढंच पृथ्वी काढून घेते, बेरीज शून्य. पोट्टे माना डोलावतात. पुढचं बोलताना मात्र मीच अडखळते.

कळंबजवळ आमचं शेत आहे. मागच्या उन्हाळ्यात विहिरीतल्या मोटरचा पाइप गाळात अडकला म्हणून दादा, माझा मोठा भाऊ, कमरेला दोर बांधून खाली उतरला. वर कप्पीवरून घेतलेल्या दोरावर वहिनी, दोघे शेतशेजारी आणि मी. आमच्याकडे रीत आहे, विहिरीत उतरलेल्या माणसाला नावानं हाक मारायची नाही. "हाय का?" विचारायचं, त्यानं "हाय" म्हणायचं. विहिरीला नाव कळलं की ती माणूस सोडत नाही, असं आई सांगायची. मी फिजिक्सची मास्तरीण, हसण्यावारी न्यायची.

पाइप सुटला. दादानं दोर हलवला तसे आम्ही ओढायला लागलो. भर दुपार, पान हलत नव्हतं. दादा चांगला धिप्पाड, आमचे हात सोलून निघत होते.

"हाय का?"

"हाय."

थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. उत्तर नाही. परत विचारलं, विहीर गप्प. माझा धीर सुटला आणि मी त्याचं नाव घेऊन जिवाच्या आकांतानं ओरडले. खालून तेच नाव परत आलं, माझ्याच आवाजात. पण जरा उशिरा, आणि हळू, लाडानं.

तेवढ्यात दोर हलका झाला.

"माय वं, सुटला का काय!" वहिनी किंचाळली. पण दोर ताठच होता, कप्पी त्याच चालीनं फिरत होती. आम्ही निम्म्या जोरानं ओढत होतो आणि दादा तसाच संथ वर येत होता.

काठावर आल्यावर माझ्यावरच खेकसला. "काहून बोंबलून राह्यली? मी 'हाय' म्हणतच होतो ना!" मग खाली वाकून पाहिलं. "अन् माह्याखाली कोण उतरलं होतं? टेकू कोणं देल्ला मले?"

मी गणित मांडून पाहिलं. वजन तेच, वेग तोच, म्हणजे वरचा जोरही तेवढाच हवा. आम्ही निम्मा लावला. मग बाकीचं काम कोणी केलं? आपला भास, कप्पीचं घर्षण, सगळं धरून पाहिलं, जुळत नाही. मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू.

आज दुपारी दादाचा फोन आला. पाइप पुन्हा अडकला.

"उद्या उतरतो. यंदा चौघं कायले पायजे? तुही वहिनी एकटी पुरे. बाकीचा जोर खालून लागतेच."

"दादा, पाया पडते तुह्या, उतरू नको! जे खालून उचलते ते खाली ओढूही शकते."

तो हसला. "अवं, सकाळी तूच त् बोलावलं मले."

सकाळभर मी यवतमाळात वर्गावर होते. "मी? कुठं?"

"विहिरीपाशी गेलतो. नाव घेऊन हाक मारली तू, लाडानं. मी ओ देल्ली."