धोकादायक फाइल म्हणजे आमची आई

आमच्या दादाला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं, हे आमच्या घरात कधी आणि कोणी ठरवलं देव जाणे. ऑफिसात दिवसभर त्याच्यासमोर बसतो म्हणून? मग मी दिवसभर बसमध्ये तिकिटं फाडते, मला इंजिन उघडायला द्याल का? पण नाही. दादा आला की सगळ्यांनी आपापले फोन त्याच्यापुढे मांडायचे, मग हा कपाळाला आठ्या घालून म्हणणार, "काय काय भरून ठेवलंय यात!" आणि पुसत सुटणार. ओळखीचं दिसलं नाही की काढून टाक, एवढंच याचं शास्त्र.

आई शिवणकाम करते. पुढच्या खोलीत मशीन, कापायचं टेबल आणि दारात कायम कोणीतरी ताटकळलेलं. हात जितका साफ, तितकीच जीभ तिखट. "माप देताना पोट आत ओढू नका, शिवून झाल्यावर ते बाहेर येणारच आहे," हे तिनं बँकेच्या मॅनेजरला भर दुकानात सुनावलं होतं. तो हसत हसत गेला आणि पुढच्या महिन्यात भावालाही घेऊन आला. लोक कपडे शिवायला यायचे हे खरं, पण निम्मे तिची बोलणी खायला यायचे.

मग घशाचं दुखणं निघालं. स्वरयंत्र काढावं लागेल, म्हणाले. दवाखान्यात बोलण्याचे उपचार करणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी ऑपरेशनआधी आईला रोज बोलावून तिच्या आवाजात ढीगभर वाक्यं रेकॉर्ड केली. घसा धरायचा, पाणी प्यायची, परत बोलायची. त्यातून त्यांनी असं काही तयार केलं, की आईनं टाइप केलं की कॉम्प्युटर तिच्याच आवाजात बोलतो. थोडा सपाट बोलतो, चढउतार कमी, पण आहे आईच. ऑपरेशननंतर पहिल्यांदा "बाही सैल वाटते" म्हणून एक काकू आल्या, तेव्हा कॉम्प्युटर म्हणाला, "तुम्ही बारीक झालात, बाही तेवढीच आहे." काकूंच्या डोळ्यांत पाणीच आलं.

स्क्रीन भिंतीवरच्या फळीवर, आणि कीबोर्ड लांब वायर लावून कापायच्या टेबलावर. म्हणजे कातरीशेजारून हात न हलवता आईला बोलता यावं. ही सोय मी केली, म्हणून सांगते.

परवा दादा आला. येताना कॉम्प्युटरसाठी व्हायरस पकडणारा नवा प्रोग्रॅम घेऊन आला. आईला न विचारता टाकला. त्या प्रोग्रॅमनं लगेच स्क्रीनभर लाल खिडकी उघडली: अनोळखी फाइल सापडली, अडवून ठेवली आहे, काढून टाकू का? नाव असलं विचित्र, नुसती अक्षरं आणि आकडे. दादा स्क्रीनसमोर उभा राहिला, आईकडे पाठ करून, आणि फोनवर ते नाव शोधायला लागला. पहिल्याच पानावर लिहिलेलं, अशा नावाच्या फाइल धोकादायक असू शकतात. असू शकतात! माणसंसुद्धा असू शकतात.

मागे आई टाइप करत होती. पण फाइल अडवलेली, आवाज कुठून येणार? आणि दादानं त्यातून काय अर्थ काढला माहितीये? "बघ, साउंडसुद्धा खाल्ला या व्हायरसनं!" आईनं टेबलावर कातर आपटली. तर मागे न वळता म्हणतो, "आई, ती खटखट बंद कर गं जरा. मला विचार करू दे."

आणि विचार करून साहेबांनी 'काढून टाका' दाबलं.

हे मला त्यानंच सांगितलं, मी ड्युटीवरून आल्यावर, वर अभिमानानं. "मोठं संकट टळलं. साउंडचं बघतो नंतर." आई टेबलाशी बसलेली. समोरच्या काळ्या कापडावर खडूनं एवढंच लिहिलेलं: माझा आवाज.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दादाचा चेहरा उतरला, पण तोंड चालूच. "मला काय माहीत? नावच तसलं होतं. आणि दुसरा आवाज टाकू की, फुकट मिळतात."

दुसरा आवाज! चप्पल आहे का ती?

मी बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "घाबरू नका, असले प्रोग्रॅम काढलेलं लगेच फेकत नाहीत, कोंडून ठेवतात. पण डोळे झाकून परत घेऊ नका, तीच फाइल आहे ना ते आधी बघू. आवाज मी कोणाचाच ठेवून घेत नाही, ज्याचा त्याच्याकडे. माझ्याकडे फक्त फाइलीचा ठसा नोंदलेला असतो." फाइल आधी कुठल्या फोल्डरमध्ये होती, त्यांनी विचारलं. त्यांच्याच प्रोग्रॅमच्या. तारीख? त्या घरी येऊन आवाज घालून गेल्या त्या दिवसाची. मग तो ठसा, म्हणजे अक्षरं-आकड्यांची ही लांबलचक ओळ, त्या प्रोग्रॅमनं फाइलीखालीच दिली होती. ती दादानं एकेक अक्षर करून वाचायची आणि बाईंनी तिकडे पडताळायची. मध्ये एकदा त्याची जीभ अडखळली, तशी आई खुर्चीतून अर्धी उठली. तो परत पहिल्यापासून वाचायला लागला. आता जर हा आवाज पुसला गेला, तर पुन्हा रेकॉर्ड करायला गळा कुठून आणायचा?

"जुळला," बाई म्हणाल्या. "घ्या परत."

फाइल आपल्या जागी गेली. लाल खिडकी बंद झाली आणि तिच्याखाली झाकलेली आईची टाइप करायची चौकट दिसली. काहीतरी लिहिलेलं होतं तिच्यात. दादानं ते वाचलं नाही. आवाज येतोय का बघायला त्यानं सरळ 'बोला' दाबलं.

खोलीत आई बोलली. सपाट, शांत, जराही न चिडता.

"थांब. त्या फाइलला हात लावू नकोस. ती बाईंनी घातली आहे. ती मी आहे. इकडे बघ ना रे. मी मागेच बसले आहे. एकदा मागे बघ."

दादानं मागे पाहिलं.