खिरापतीचा दंड

आमच्या मेहकरच्या कॉलनीत महिला मंडळ आहे आणि त्या मंडळात मी आहे, या दोन्ही गोष्टी माझ्या रक्तदाबाला सोसत नाहीत. सारी नोकरी मी प्राथमिक शाळेत काढली. समोरच्याला गप्प बसवायची सवय हाडात मुरली आहे, आणि मंडळात कोणी म्हणून गप्प बसत नाही. तरी दर वर्षी भुलाबाई मांडायची वेळ आली की पहिली मीच जाते.

भुलाबाई, म्हणजे मातीची पार्वती, महिनाभर बसते. रोज संध्याकाळी गाणी होतात, आणि गाणी झाली की खिरापत ओळखायची. जिची पाळी असेल ती खाऊचा डबा झाकून आणते. बाकीच्यांनी तो हलवून, वास घेऊन, गोड का तिखट विचारून आत काय आहे ते सांगायचं. कोजागिरीच्या आधीच्या रविवारी आमचा मोठा कार्यक्रम असतो, त्या दिवशी सगळ्याच जणी डबे आणतात, आणि त्यातून गावातल्या एखाद्या संस्थेला मदत करतो. मागच्या खेपेला वाचनालयाला पंखे दिले. यंदा डोणगाव रस्त्यावरच्या अंध मुलींच्या वसतिगृहाची पाळी होती.

तिथल्या बोअरची मोटर जळाली होती. पोरी रस्त्यापलीकडच्या हापशीवरून पाणी आणत होत्या, एकीच्या खांद्यावर दुसरीचा हात आणि दुसऱ्या हातात बादली. मी ते डोळ्यांनी पाहिलं. घरी येऊन नळ सोडला तर मलाच लाज वाटली. मंडळाच्या बैठकीत मी बजावलं, दिवाळीच्या आत त्या पोरींच्या नळाला पाणी आलं पाहिजे, बाकी मला काही सांगू नका.

अध्यक्षबाई समोरच्याच बंगल्यात राहतात. मोठ्या मनाच्या बाई, पण डोक्यात कल्पना आली की दुसऱ्याचं ऐकत नाहीत. त्यांनी युक्ती काढली. जिला खिरापत ओळखता येणार नाही तिने दंडाची नोट मोटरीसाठी ठेवलेल्या डब्यात टाकायची. झालं, बाया पेटल्या. ओळखूच येऊ नये म्हणून एकीने डब्यात खाऊभोवती ओढणी कोंबली. एकीने कढीपत्त्याच्या वड्या केल्या, का केल्या ते तिलाच माहीत. मी मात्र साध्या चकल्या करायला घेतल्या. मोहन जास्त झालं आणि कढईत सोडली चकली की ती विरघळून जायची. शेवटी झाऱ्याने निघाला तो चुरा डब्यात भरला आणि तोंड मिटून बसले.

संध्याकाळी वसतिगृहाच्या बारा-तेरा पोरी त्यांच्या अधीक्षिकेबरोबर आल्या. अशा गायल्या की आमचं महिनाभराचं बेसूर गाणं आम्हालाच आठवेना. त्या खुशीत अध्यक्षबाईंनी माईक घेतला आणि म्हणाल्या, "पाहुण्या आलेल्या आहेत, तर ओळखायचा पहिला मान पाहुण्यांचा."

पाहुण्याला मान दिल्याशिवाय आमच्या लोकांना घास उतरत नाही. इथेच घात झाला.

पहिला डबा पुढे बसलेल्या एका पोरीच्या हातात दिला. असेल बाराएक वर्षांची, दोन घट्ट वेण्या, हनुवटी वर. तिने डबा कानाशी नेला, एकदाच हलवला, झाकणाच्या फटीला नाक लावलं. "शेंगदाण्याचा लाडू. गूळ जुना हाय." बरोबर. गुळासकट बरोबर. दुसरा डबा, राजगिऱ्याच्या वड्या. तिसरा, ओढणीवाला. "कापडात खारका हायेत. कापडाले अत्तर लावलं हाय." कढीपत्त्याच्या वड्याही तिच्याच शेजारणीने ओळखल्या. टाळ्यांवर टाळ्या, आणि मोटरीचा डबा रिकामा. हरलंच कोणी नाही तर दंड कोण भरणार? ज्यांच्यासाठी दंड, त्याच सगळं जिंकून बसल्या.

माझं डोकं तापलं. अध्यक्षबाई टाळ्या पिटत होत्या, त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. मी हळूच त्या वेण्यावाल्या पोरीजवळ जाऊन बसले आणि कानात म्हटलं, "पोरी, एकदोन डबे चुकव ना. तुमच्या मोटरीसाठीच म्हणते. मग बाकीच्या बाया ओळखतील, चुकतील, दंड भरतील."

तिने मान माझ्याकडे वळवली. "काऊन चुकवू?"

"अगं, खोटं खोटं."

"बाई, आमच्यासंगं सगळेच खोटं खोटं हारतात," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण चिडला होता. "पाहुणे येतात, खेळतात, मुद्दाम हारतात, अन् टाळ्या वाजवतात. आम्हाले समजत नाई असं वाटते त्याईले. आज खरं जिंकून राह्यलो, तं तुम्ही म्हनता हारा."

इतकी वर्षं शिकवलं, बक्षिसं वाटली, कौतुकं केली. त्यातली किती खोटी खोटी होती ते तिथल्या तिथे आठवायला लागलं आणि फार वाईट वाटलं.

उठले आणि अध्यक्षबाईंच्या हातातून माईक काढून घेतला. नियम बदलला म्हणून सांगितलं. जिची खिरापत ओळखली जाईल तिने दंड भरायचा. न ओळखली तर ओळखायला गेलेलीने. बायांनी कुरकुर केली. कढीपत्तेवाली म्हणाली, "हे आधी नव्हतं ठरलं." मी शाळेतल्या आवाजात म्हटलं, "आता ठरलं." मग काय विचारता, पोरी एकेक डबा फोडत गेल्या आणि बाया पर्स उघडत गेल्या. हरण्यात त्यांना इतकी गोडी लागली की एकीने घरून दुसरा डबा मागवला. मोटरीची सोय त्यातच झाली, चार दिवसांत पाणी चढलं, ते आत्ताच सांगून टाकते.

शेवटचा डबा माझा. तीच पोरगी. तिने हलवला, परत हलवला, वास घेतला. "भाजणी हाय. तीळ, ओवा." कपाळाला आठी पडली. "शेवेचा चुरा."

सगळ्या माझ्याकडे पाहायला लागल्या. अध्यक्षबाई समोरून खुणा करत होत्या, हो म्हणा, हो म्हणा. हो म्हटलं असतं तर पोरगी जिंकली असती आणि माझ्या चकल्यांची अब्रूही झाकली गेली असती.

"नाही," मी म्हटलं. "हरलीस तू. चकली आहे."

"चकली अशी वाजत नाई."

"माझी वाजते."

बाया खो खो हसल्या. ती हसली नाही. तिने चिमूटभर तोंडात टाकलं, सावकाश चावलं आणि मान डोलावली. मग फ्रॉकच्या खिशात हात घालून विचारलं, "दंडाचा डब्बा कुठं हाय?"

अधीक्षिका घाईने म्हणाल्या, "अगं, तुले नाई लागत. ते तुमच्यासाठीच तं जमवून राह्यले."

"मी हारली ना?"

मी डबा तिच्या हाताशी नेला. तिने कड चाचपली, पाच रुपयांचं नाणं आत टाकलं, आणि दंड भरलेल्या बायांच्या रांगेत जाऊन बसली.