नटाखालचा वायसर

गॅरेज चालवणाऱ्या बाईच्या हाताला दोन गोष्टी चिकटतात, ग्रीस आणि गिऱ्हाइकांचे किस्से. ग्रीस रॉकेलनं निघतं तरी! किस्से एवढे साठलेत की एक सांगायला घ्यावा तर दुसरा मागून हॉर्न मारतो. आज फक्त वायसरचे सांगते. कारण परवा त्या एका वायसरपायी आमच्या बसूची नोकरी गेलीच होती.

बसू आमचा मेकॅनिक. माझ्या हाताखालीच त्याचे केस पिकले. आमचे मालक वारल्यापासून बेळगावहून निपाणीकडं जाणाऱ्या हायवेला हे गॅरेज मी चालवते. शाळा पाहिली नाही. अक्षरं शिकले ती स्पेअरपार्टच्या खोक्यांवरून, मराठी, कन्नड, इंग्लिश, तिन्ही! इंजिन शिकले ते गाडीखाली उताणं झोपून. "बाई, तुम्हाला न्हाय कळायचं," असं कुणी म्हटलं की मी पाना हातात घेते. नट खोलायलाच घेते असं नाही.

तर वायसर. ऑईल बदलताना चेंबरचा खालचा नट काढून जुनं ऑईल सोडतात. त्या नटाखाली तांब्याची मऊ चकती, म्हणजे वायसर, असते. नट आवळला की ती दबते आणि ऑईल अडवते. एकदा दबली की तिचं काम संपलं. म्हणून माझा कायदा : दरवेळी नवा वायसर. जुना गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवायचा, जुनं ऑईल मागेल त्याला कॅनमध्ये भरून द्यायचं. आक्कानं बदललंच नाही, असं कुणी म्हणता कामा नये! आणि कायदा मोडणाऱ्यानं गॅरेजची पायरी उतरायची. हे बसूला पहिल्याच दिवशी सांगितलेलं.

*

सांबऱ्याच्या एकाची गाडी आली. खाली ऑईल ठिबकत होतं. नट काढला तर वायसरच्या जागी निळं रबर, वितळून चुइंगमसारखं लोंबतंय!

"हे काय रं?"

"स्लीपर कापून बसवली, आक्का. घरीच."

माझा आ वासला तो मिटेना. वर तो मलाच समजावतो, "लोकल न्हाय, आक्का. कंपनीची हाय स्लीपर!"

*

शहापूरच्या एका साडीवाल्यानं तर नटाला रेशीम गुंडाळलं होतं. मागावरचं, लालभडक! मी तो बुचका सोडवून खाली टाकला.

"अहो, रेशमानं ऑईल थांबतंय व्हय?"

त्यानं वाकून तो बुचका हातात घेतला, उजेडात धरला, बोटांनी चोळला.

"ते गळू दे. रंग उतरलाय काय, सांगा!"

*

निपाणीचा तंबाखूच्या गाडीचा एक ड्रायव्हर. वायसर घालायच्या ऐवजी त्यानं पान्याला लांब पाइप जोडला, तो आणि क्लीनर मिळून पाइपवर उभे राहिले आणि नट आवळला. मग मला दाखवायला आला.

"आता थेंब न्हाय गळायचा, आक्का!"

"व्हय रं बाबा. आणि नट बी न्हाय निघायचा!"

"मग बरंच की! चोरीला जायचं भ्या न्हाय."

चेंबरचा नट कोण चोरतो? मी कपाळाला हात लावला. हात ग्रीसचा होता, तेही विसरले.

*

खानापूरकडची एक म्हातारी एकटीच एस.टी.नं आली. गाडीबिडी काही नाही. करंगळीत तांब्याची अंगठी. मी निरखून बघितलं आणि हबकलेच. आमचा जुना वायसर! ऑईल बदललं तेव्हा नातवाच्या हातावर ठेवलेला, तो हिनं घातला.

"लई गुण आला गं. कंबर दुखायची राहिली."

"आजी, ते गाडीचं हाय!"

"असू दे. गुडघ्यासाठी मोठ्या गाडीचं एक दे."

*

आता परवाचा.

खानापूरकडच्याच परशरामनं ऑईल बदलून नेलं होतं, जुनं कॅनमध्ये भरून घेऊन. आठवडा नाही झाला तोवर त्याची गाडी ट्रॅक्टरच्या मागं दोरीनं बांधून आली. ट्रॅक्टरवर त्याचा बाप, आप्पा. परशराम उतरला तोच ओरडत.

"आक्का, तुमच्या बसूनं फशीवलं! लाल लाईट लागली म्हणून काठी घालून बघितलं, ऑईल तळाला! आणि जे हाय ते काळंकुट्ट! अंगणात एवढं गळलंय की कोंबड्यांचं पाय काळं झाल्यात!"

चार गिऱ्हाइकं चहा पीत बसलेली. सगळ्यांचे कप तोंडाशी थांबले.

"देवराणे, आक्का!" बसूनं गळ्याला हात लावून शपथ घेतली. "नवीन घातलोय मी. वायसर बी नवीन."

मी कुणाचं ऐकत नाही. स्वतः गाडीखाली गेले, नट काढला. बोटावर ऑईल आलं ते डांबरासारखं. आणि वायसर? दबून पत्रा झालेला, जुना! बसू? माझा बसू?

बाहेर आले. तो वायसर त्याच्या हातावर ठेवला.

"पाना खाली ठेव, बसू."

त्यानं पाना फरशीवर ठेवला. आवाजसुद्धा होऊ दिला नाही. फडक्याला हात पुसायला लागला.

एवढा वेळ आप्पांचा ट्रॅक्टर धडधडत होता. त्यांनी तो आता बंद केला आणि सावकाश खाली उतरले.

"काय झालं गं? त्या बसूला का बोलतीस?"

"जुनंच ऑईल ठेवलं यानं, आप्पा!"

"न्हाय न्हाय. त्यानं नवं घातलं हुतं. मीच काढलो."

"काढलं?" परशरामचा आवाज चिरकला.

"कॅनमधलं जुनं हुतंच की, ते घातलो. ट्रॅक्टरचं मीच बदलतोय, मला येतंय. नवं बघितलो, मधावानी पिवळं! बरणीत भरून फडताळात ठेवलोय. नवा वायसर देव्हाऱ्यात."

मी आप्पांकडं वळले.

"का पण, आप्पा?"

"का म्हंजे? नवं कोरं, रोजच्या वापराला काढत्यात व्हय? धाकटीचं लगीन हाय म्होरल्या म्हयन्यात."

बसू वाकला. पाना उचलला.

आप्पांनी माझ्याकडं बघून मान डोलावली. "तू बी ये, आक्का, लग्नाला. त्या दिवशी बघ गाडी कशी पळतीया!"