रंगाखालचा चेहरा

रंगपंचमीच्या दिवशी, बडा गणपतीच्या देवळाजवळच्या आमच्या गल्लीत, माझा धाकटा भाऊ श्रीकांत मारला गेला.

आज बाजारात एका दुकानाबाहेर गुलालाची पोती उघडून ठेवली होती. तो कोरडा, घशात बसणारा वास आला आणि मी तिथेच थांबले.

त्या दुपारी गेरच्या, रंग उधळत शहरभर फिरणाऱ्या मिरवणुकीतून तो परतला, तेव्हा दारात उभी असून मीही त्याला ओळखलं नव्हतं. रस्त्यावरच्या सगळ्यांसारखाच त्याचा चेहरा जांभळा झाला होता.

“ताई, तू पण नाही ओळखलं? चल, आज पाहुणा बनून जेवतो,” तो हसत म्हणाला.

तेवढ्यात चार जण धावत आले. “यही है, पकड़ इसको!” लोखंडी सळई त्याच्या डोक्यावर पडली, आणि पडतच राहिली. “अरे, माझा भाऊ आहे तो!” मी ओरडत होते. त्या रंगात रक्त वेगळं दिसतही नव्हतं. मग एकाने वाकून बाहीने त्याचं तोंड पुसलं.

“अबे, ये वो नहीं है, भिया.”

ते पळाले.

कित्येक वर्षं मी त्या चुकीवरच जळत राहिले. श्रीकांतसारखं दुसरं कोणी नव्हतं, असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिले. त्यांना हवा होता त्या माणसासारखंही दुसरं कोणी नसेल, त्याच्यासाठीही कोणी असंच ओरडलं असतं, हे कबूल करायला मला फार उशीर लागला.

आई-बाबा गेले. श्रीकांतला ओळखणारी घरात आता मी एकटी आहे.