न पाहिलेल्या माहितीपटाचा निवेदक

जळगावच्या माहितीपट महोत्सवात मला निवेदक नेमलं ते माझ्या आवाजामुळे. माहितीपट पाहायची अट कुणी घातली नव्हती, मीही ती आपणहून घालून घेतली नाही. समितीने पेनड्राइव्ह दिला होता. केळीबागांवरचा अर्धा पाहिला. यंत्रमागांवरचा लावला आणि झोपलो. मोहफुलं वेचणाऱ्यांवरचा राहूनच गेला. अर्थात दोन-तीन कॉलेजांत त्याच्याविषयी तावातावाने बोलून मी केव्हाच आलो होतो.

नेमकं त्यातल्याच एका म्हाताऱ्याच्या बायकोला, अक्कांना, धुळ्याहून आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं. अक्का शिरपूरपलीकडच्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या. तेव्हा धुळ्यात लेकीकडे आल्या होत्या. चित्रीकरण झालं तेव्हा त्यांचे मालक हयात होते. पुढे ते गेले. घरात त्यांचा फोटो म्हणजे आधार कार्डावरचा, आणि त्यात ते स्वतःलाही ओळखू आले नसते. अक्कांना मालक चालताना-बोलताना एकदा बघायचे होते. खेळ दुपारी होता, आणि एकदाच.

गाडीत बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "भाऊ, ते पडदावर कव्हय येतस?"

"शेवटी, अक्का!" मी बेधडक ठोकून दिलं. "खरी मजा शेवटीच."

वेळ भरपूर होता, आणि तोच नडला. एरंडोलजवळ, अगदी हायवेला लागून माझी सासुरवाडी. जावयाला तिथून न थांबता पुढे जायचं असेल तर त्याने तोंड बंद ठेवून जावं, हे खानदेशात शेंबड्या पोरालाही कळतं. मी पारोळ्यातून मेहुण्याला फोन केला. सहज.

मेहुणा हात पसरून रस्त्याच्या मधोमध उभा. "दाजी, असे परस्पर जाता का? आबांनी काड्या रचल्या बी!"

सासऱ्यांनी भरितासाठी कपाशीच्या काड्या रचल्या होत्या हे खरं. वांगी मात्र अजून झाडाला होती. ती तोडली, मग भाजली. भाजलेली सोलली, मग मिरच्या-लसणाबरोबर कुटणं सुरू झालं. मी घड्याळ बघत बांधावरून येरझाऱ्या घालत होतो. मधेच आबांना म्हणालो, "जरा लवकर झालं असतं तर..." आबा म्हणाले, "भरीत काय गॅसवर करतो आपण?"

तेवढ्यात महोत्सवाच्या अध्यक्षांचा फोन आला. निवृत्त प्राध्यापक, आम्ही त्यांना सर म्हणतो.

"कुठे आहात?"

"पारोळ्याजवळ ट्रक आडवा झालाय, सर."

मागून सासूबाईंचा खणखणीत आवाज, "जावईबापू, पुऱ्या टाकू का आणखी?"

सर म्हणाले, "ट्रक पुऱ्यांचा दिसतोय."

अक्कांसमोर ताट आलं. त्यांनी हात जोडले, दोन घास खाल्ले आणि हळूच मला म्हणाल्या, "वांगा मना घर बी शेतस, भाऊ. मालक तठे पडदावरच शेतस."

मी हातातला घास ताटात ठेवला. आबांच्या पाया पडलो आणि गाडी काढली. पुढे किती गतिरोधकांवरून मी गाडी उडवत नेली ते माझी कंबर जाणे. अक्का मागे दारावरचा दांडा धरून बसल्या होत्या.

सभागृहात शिरलो तर माहितीपट निम्मा झालेला. पडद्यावर एखादा म्हातारा आला की मी पडदा सोडून अक्कांचा चेहरा बघायचो. नाही. पुढचा म्हातारा. तोही नाही. शेवटी श्रेयनामावली वर सरकू लागली आणि दिवे लागले.

"भाऊ, ते टोपीवाला तं उनातच नही."

पुढच्या रांगेतल्या बाई मागे वळल्या. "टोपीवाले बाबा ना? ते अगदी सुरुवातीला होते हो."

माझे पाय मंचाकडे निघाले होते, कारण पुढच्या माहितीपटाच्या दिग्दर्शकाची ओळख करून द्यायची होती. तो पुण्याचा, माइकशेजारी तयारीत उभा. मी माइक घेतला आणि ओळखीऐवजी सगळं ओकून मोकळा झालो: मी माहितीपट पाहिलेला नाही, अक्कांना थाप मारली, सरांनाही मारली, सासुरवाडीला भरितासाठी थांबलो. मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "भरीत कसं होतं?"

हशा झाला. सर हसले नाहीत. "सुरुवात परत लावा," एवढंच म्हणाले. पुण्याच्या माणसाने घड्याळ पाहिलं, अक्कांकडे पाहिलं, आणि खाली बसला.

मोहाच्या झाडाखाली टोपीवाला म्हातारा. बोलतोय, बोलतोच आहे. कुठलं झाड आधी फुलं टाकतं, कुठल्याची गोड, पहाटे कुणी आधी पोचायचं. वर हेही, की आपल्या घरवालीला यातलं काही समजत नाही.

"देखा तं!" अक्का ताडकन उभ्या राहिल्या. "घरमा कधी तोंड उघडं नही, नि अठे कितला बोली ऱ्हायनात!"

सगळं सभागृह हसलं. कॅमेरा दुसऱ्या माणसाकडे वळला तशी अक्कांची मान त्याच्या मागोमाग वळली, जणू मालक पडद्याच्या कडेला कुठेतरी असतील.

"आखो एकदाव लावा," त्या म्हणाल्या.

लॅपटॉपवाल्याने माझ्याकडे पाहिलं, मी सरांकडे, सरांनी पुण्याकडे. पुण्याने आधीच मान डोलावली होती.

या वेळी अक्का बोलल्या नाहीत, बसल्याही नाहीत. मी मंचावर तसाच, हातातला माइक कुठे ठेवावा ते न सुचून, ह्या पायावरून त्या पायावर. तिथून मला त्यांचे ओठ दिसत होते. मालकांच्या बोलण्यामागोमाग ते ओठ एकेक शब्द धरत चालले होते.